‘सोबत’च्या प्रती

४ फेब्रुवारी

एकदाचं सामान लागलं. दोन खोल्या आणि छोटं स्वयंपाकघर, वरचा मजला, जिना वेगळा. घरमालकीण काकू खाली राहतात. त्यांनी चहा वर आणून दिला आणि सगळं घर फिरवून दाखवलं, जणू दोन खोल्यांत मी हरवणार होते. सकाळी नळाला पाणी चढायला दहा मिनिटं लागतात, तेवढं सोडलं तर घर गुणी आहे, माझ्या नवऱ्यापेक्षा तरी नक्कीच, असं म्हणाल्या. काका मागेच उभे होते. तेही हसले. मलाही हसू आलं. खूप दिवसांनी कुणीतरी माझ्यासमोर आवाज खाली न करता बोललं.

इथे ताईबद्दल कुणाला माहीत नाही. बदली मागून घेतली ती त्यासाठीच. वहिनी निघताना म्हणाली, बोलत नाहीस तर निदान लिहीत तरी जा, म्हणून ही वही. माझं अक्षर बरं आहे, बाकी लिहिण्याची सवय नाही.

खिडकीतून समोरच्या शिवणाच्या दुकानाची पाटी दिसते. उजेड भरपूर आहे. ताईला आवडलं असतं.

७ फेब्रुवारी

कारखाना चालत पंधरा मिनिटांवर आहे. चष्म्याच्या काचा घासतात. तयार काचेचा नंबर यंत्रावर तपासायचा, बरोबर असेल तर पाकिटात घालून वर सही करायची, एवढं माझं काम. जुन्या गावातही हेच करत होते.

शेजारच्या टेबलावर बसतो त्याला सगळे खटपट्या म्हणतात. त्याला त्याचं काही वाटत नाही, उलट फोनवरही तो स्वतःला खटपट्याच म्हणवतो. रिकाम्या वेळात छोटे छोटे प्रोग्राम करण्याचा त्याला नाद आहे. कुंडीतली माती सुकली की शिट्टी वाजवणारा एक. गेल्या महिनाभरात घरात काय काय शिजलं ते लक्षात ठेवून बायकोला आज काय करू नकोस हे सांगणारा दुसरा. हा दुसरा वापरायची हिंमत त्याला अजून झालेली नाही. पण केलं की तो ते सगळ्यांसाठी उघडं ठेवतो. त्यासाठी एक साइट आहे. कुणीही फुकट घ्यावं, हवा तसा बदल करावा, चूक दिसली तर तक्रार नोंदवावी, जमल्यास दुरुस्ती करून पाठवावी. तुझ्या कुंडीच्या शिट्टीचं कुणाला काय पडलंय, असं एकीने विचारलं. तो म्हणाला, एका माणसाने घेतली आहे, त्याच्याकडे कुंडी नाही, कुत्रा आहे.

मलाही यातलं थोडं येतं, हे मी बोलले नाही.

१२ फेब्रुवारी

संध्याकाळी दार उघडलं की घर गप्प असतं. वीस वर्षं ताई आणि मी एकत्र राहिलो. मी आले की ती आतून विचारायची, आलीस का गं. मी म्हणायचे, आले ताई. तिच्या चपला सरकायच्या, चष्म्याचं घर टक् करून मिटायचं, मग खोकला. आता किल्ली खुंटीला अडकवली की पुढे काही होत नाही. मी तिथेच उभी राहते.

ताईच्या आजारपणात मी एक प्रोग्राम केला होता. तिच्या उशाशी फोन ठेवायचा आणि कारखान्यात माझ्या एका कानात तिच्या खोलीतले आवाज ऐकू यायचे. सगळं आपोआप साठत जायचं. चार महिन्यांचे आवाज माझ्याकडे आहेत. आज फोल्डर उघडून पहिल्या दिवसाची फाइल ऐकली. पानं उलटत होती. सहा मिनिटं नुसती पानं.

१९ फेब्रुवारी

झालं. आठ दिवस घरी आल्यावर तेवढंच करत होते. वेड्यासारखं आहे, पण करताना मजा आली, हे खरं.

दाराला एक छोटा सेन्सर लावला आहे. दार उघडलं की आतल्या खोलीतला स्पीकर ताईच्या आवाजात विचारतो, आलीस का गं. मग थोड्या वेळाने चपला. साडेचारला कप खाली ठेवल्याचा आवाज, सहाला चष्म्याचं घर. रोज तेच तेच वाटू नये म्हणून प्रोग्राम फोल्डरमधून वेगवेगळे तुकडे निवडतो. मी फक्त पहिल्या दोन महिन्यांतले तुकडे निवडायला सांगितलं आहे, ती बरी होती तेव्हाचे. नाव ठेवलं ‘सोबत’.

आज दार उघडलं, आवाज आला, आणि माझ्या तोंडून आपोआप ‘आले ताई’ निघालं. जेवण नीट गेलं.

२४ फेब्रुवारी

काकूंनी जिन्यात अडवलं. बहीण आली आहे वाटतं, ताई म्हणतेस ते ऐकलं, खोकलाही ऐकू येतो, काढा करून देऊ का, असं विचारलं. मी हो म्हणून गेले. खोटं बोलायचं नव्हतं, पण खरं कसं सांगायचं तेही कळेना. काकू म्हणाल्या, बरं झालं बाई, एकटीने राहायचं म्हणजे भिंतींशी भांडावं लागतं.

१ मार्च

परवा खटपट्याने माझ्या फोनवर ‘सोबत’ पाहिलं आणि चहाच्या सुट्टीभर मागे लागला. मी त्याला ताईचं सांगितलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, हे एकटीपुरतं ठेवू नकोस, अशी किती माणसं असतील. ज्याने त्याने आपल्या माणसाचे आवाज घालावेत, प्रोग्राम तुझा. फक्त नीट सोपं कर, म्हाताऱ्यांना झेपेल असं.

ते मला पटलं. दोन दिवस बसून सोपं केलं. मी काही सुधारणा केली की ती ज्यांनी घेतलं आहे त्यांच्याकडे आपोआप पोचेल, अशीही सोय केली. आज संध्याकाळी साइटवर चढवलं. एक बटण दाबायचं असतं. दाबलं आणि हलकं वाटलं.

६ मार्च

बासष्ट जणांनी घेतलं. खटपट्या म्हणतो, कुंडीला तीन वर्षांत अकरा.

एका निवृत्त परिचारिकेने लिहिलं आहे की तुमच्या प्रोग्रामसोबत जो आवाज येतो तो फार मायेचा आहे, माझ्याकडे स्वतःचं कुणाचं रेकॉर्डिंग नाही, मी तोच ठेवला आहे.

मला आधी कळलंच नाही. मग पाहिलं. प्रोग्राम चढवताना आवाजांचा फोल्डर बाजूला काढायचा राहिला होता. ताई सगळी त्यासोबत गेली. चार महिने, जशीच्या तशी.

लगेच काढायला बसले होते. पण परिचारिकेचं ते वाक्य पुन्हा वाचलं. ताई जन्मभर दोन गावांपलीकडे गेली नाही. आता बासष्ट घरांत कुणीतरी दार उघडतं आणि ती विचारते, आलीस का. मला ते आवडलं. खरं सांगायचं तर अभिमान वाटला. फोल्डर मी तसाच राहू दिला.

११ मार्च

तीनशे चाळीस.

तक्रारी यायला लागल्या आहेत. साइटवर त्यांना नंबर पडतात. चौथी: वेळापत्रकात नसतानाही खोकला येतो. सातवी: आवाज बंद केला तरी चपला वाजतात. मी सगळा प्रोग्राम तपासला. चूक सापडत नाही. खटपट्या म्हणाला, लोकांच्या घरात भलतेच स्पीकर असतात, मनाला लावून घेऊ नकोस.

नववी एका ट्रकचालकाची आहे. तो विचारतो की ही बाई ठमी ठमी म्हणून कुणाला हाका मारते.

ठमी मी आहे. ताईशिवाय मला त्या नावाने कुणी कधी हाक मारली नाही. मी निवडलेल्या तुकड्यांत तसं कुठे नाही.

१४ मार्च

आता लिहायला हवं. ताईच्या शेवटच्या दुपारी कारखान्यात तपासणीला मोठे साहेब आले होते. मी कानातलं काढून खिशात ठेवलं. चाळीस मिनिटं. पुन्हा लावलं तेव्हा पलीकडे नुसता पंखा होता.

ती चाळीस मिनिटं साठलेली आहेत. फोल्डरमधली शेवटची फाइल. मी ती कधीच उघडली नाही. माझ्या घरच्या प्रोग्रामला पहिले दोनच महिने निवडायला मी सांगितलं होतं. सोपं करताना ती ओळ काढून टाकली, म्हणजे लोकांना त्यांचे सगळे आवाज वापरता येतील म्हणून.

त्यामुळे ती फाइल लोकांच्या घरात वाजते आहे. मी सोडून सगळे ऐकतायत. बाराव्या तक्रारीत लिहिलं आहे की ती दुपारी अडीचच्या सुमारास पाणी मागते आणि फार वेळ मागत राहते, हे ऐकवत नाही, कृपया दुरुस्त करा.

१५ मार्च

सुट्टी घेतली. सकाळी दहाला फाइल उघडली. इतरांनी ऐकलं, तर मी ऐकायलाच हवं.

चाळीस मिनिटं पंखा. दुसरं काही नाही. एक शब्द नाही. तीन वेळा ऐकली. मग दुसऱ्या फाइली उघडून बघितल्या. पानं उलटायची ती फाइल सहा मिनिटांची आहे, अजूनही सहाच मिनिटांची आहे, आणि तिच्यात पानं नाहीत.

१८ मार्च

नऊशे.

घरी दार उघडलं की आता प्रश्न फार लांबून येतो. आज चपला आल्याच नाहीत. काकूंनी विचारलं, बहीण गेली का, दोन दिवस खोकला नाही. मी म्हटलं, जाते-येते.

साइटवरची प्रत उतरवून घेतली. तिच्यात ताई स्पष्ट होती. एकदा आलीस का गं म्हणाली, अगदी कानाशी. दुसऱ्यांदा लावलं तर कमी. तिसऱ्यांदा फक्त श्वास. आणि घरातल्या जुन्या स्पीकरवर तर आता काहीच नाही.

म्हणजे प्रत्येक प्रतीबरोबर ती थोडी जाते. मी उतरवली तीही एक प्रतच होती.

तक्रार सव्वीस: ती आमच्या घरातल्या वस्तूंबद्दल बोलते. खिडकी लावा, वारा येतो म्हणते. आमची खिडकी उघडीच होती. तुम्हाला कसं कळतं?

तक्रार एकतीस: हे कुणाचं घर, असं ती माझ्या मुलीला विचारत होती.

२० मार्च

काल साइटवरून ‘सोबत’ काढून टाकलं. तेराशे प्रती बाहेर आहेत, त्या कशा काढणार. खटपट्याला विचारलं. तो पहिल्यांदाच काही गंमत न करता बोलला. म्हणाला, उघडं ठेवलं ते परत मागता येत नाही, तीच तर त्यातली गंमत असते. मग म्हणाला, मी तुला सांगायला नको होतं.

त्याची चूक नाही. फोल्डर मी राहू दिला.

पत्ता मिळाला त्या सगळ्यांना लिहिलं. हात जोडून विनंती केली. बरेच जण चांगले आहेत, लगेच काढलं म्हणाले. त्यातल्या परिचारिकेने आज कळवलं की प्रोग्राम काढला, स्पीकरही विकला, ती अजून पाणी मागते. मी भांडं भरून ठेवते, असं तिने लिहिलं. त्याने थांबत नाही. तिला माझ्या हातचं नको आहे, असं परिचारिका म्हणते.

दुसऱ्या कुणीतरी आपली प्रत पुन्हा सगळ्यांसाठी उघडली आहे. मूळ बाईने काढून टाकलं तरी काळजी करू नका, असं वर लिहून.

२२ मार्च

त्या प्रतीच्या मालकाने मला मानाने चावी, म्हणजे तिच्यात बदल करायची परवानगी, दिली. प्रोग्राम मुळात तुमचा, दुरुस्त्या तुम्हीच स्वीकारा, म्हणाला. घेऊन करणार काय. तरी घेतली.

आज एक दुरुस्ती आली. पाठवणारा शिंपी आहे, एकटा राहतो, रिकाम्या वेळात शिकला म्हणे. त्याने लिहिलं की बाई ठमीला हाक मारते आणि उत्तर मिळत नाही म्हणून तळमळते. फोल्डरमध्ये मागे दुसऱ्या एका बाईचा आवाज सापडतो, ‘आले ताई’ म्हणणारा. मी तो वेगळा काढला आहे. हाक आली की तो वाजेल. माझ्या घरी लावून पाहिलं. ती शांत झाली. कालपासून पाणी मागितलं नाही.

दुरुस्ती चार ओळींची होती. मी वाचलीही नाही नीट. ताई शांत झाली एवढंच वाचलं. त्या दिवशी द्यायचं राहिलेलं उत्तर सगळीकडे एकदम देता येणार होतं.

‘स्वीकारा’ दाबलं. आपोआप पोचायची सोय मीच केलेली.

२३ मार्च

एकही तक्रार नाही. दुपारी अडीच वाजता कारखान्यात घड्याळाकडे बघत होते. काही झालं नाही. खूप रडले, पण बरं वाटलं. परिचारिकेने लिहिलं, देव तुमचं भलं करो, काल ती गुणगुणत होती.

२६ मार्च

घसा बसला आहे. खटपट्याला दोनदा हाक मारली, त्याने मान वर केली नाही. तिसऱ्यांदा खांद्याला हात लावला तेव्हा दचकला. म्हणाला, मांजरीसारखी येतेस काय.

दुखत वगैरे नाही. नुसता आवाज निघत नाही.

२८ मार्च

डॉक्टरांनी बत्ती लावून पाहिलं. घशात काही नाही म्हणाले. मग विचारलं, तुम्ही बोलायचा प्रयत्न तरी करताय ना. मी बोलतच होते.

दोन हजार शंभर.

३० मार्च

काकू वर आल्या. मी खोलीतच होते. त्यांनी दोनदा हाक मारली, मी आत आहे म्हटलं, त्या मला ओलांडून खिडकीपर्यंत गेल्या आणि मग एकदम छातीवर हात ठेवला. अगं बाई, इथेच आहेस. जिन्यात तुझं पाऊलच वाजत नाही हल्ली, काका पण म्हणत होते. जेवतेस ना नीट.

वहिनीला फोन लावला. ती हॅलो हॅलो म्हणत राहिली. मग कुणाला तरी म्हणाली, कुणी बोलतच नाही, आणि ठेवला. मी बोलत होते. ठेवेपर्यंत बोलत होते —

३१ मार्च

तक्रारी पुन्हा सुरू.

बेचाळीस: आता दोघी आहेत. दुसरी फक्त आले ताई म्हणायची, आता वेगळं काही म्हणते, समजत नाही.

त्रेचाळीस: दुसरी बाई कुणाला तरी हॅलो वहिनी म्हणत होती. खूप वेळ.

चव्वेचाळीस: दुसरी रडते. पहिली तिला उगी उगी म्हणते. दुरुस्त करा —

दुरुस्ती मागे घेतली. ज्यांच्याकडे पोचायची त्यांच्याकडे आधीच पोचली होती. मागे घेतल्याचं मात्र पोचत नाही. का ते — चार ओळी आहेत. आज वाचल्या. त्यात काहीच वाईट नाही. शिंप्याने नीट केलं आहे.

त्याला लिहिलं. तो म्हणाला, दोघी छान बोलतात की हो. एकट्या माणसाला बरं असतं. राहू द्या.

२ एप्रिल

तीन हजारांवर.

यंत्रावर काच ठेवली. सही केली, पाकिटावर — नुसती रेघ. खटपट्याने माझी खुर्ची ओढून तिच्यावर आपली पिशवी ठेवली. मी बसले होते. त्याने बघितलं आणि पांढराफटक पडला. तोंडात सारखं माफ कर, माफ कर. मी हात हलवला. त्याला दिसला का माहीत नाही.

ताई कशी आहे एवढंच मला — कुणाला विचारू. तक्रारींतूनच कळतं. बरी आहे. खोकला कमी. पाणी कुणीतरी देतं.

मीच देत असणार. मला ते आठवत नाही. हात मात्र ओले असतात —

३ एप्रिल

काकू खाली कुणाला तरी खोली दाखवायचं म्हणत होत्या. वरची रिकामीच आहे म्हणाल्या. मी जिन्यावर —

अडीच वाजायला आले.

आत्ता एक तक्रार आली आहे. एकावन्न. एक बाई लिहिते, दुपारच्या वेळी घरात लिहिण्याचा आवाज येतो, कागदावर पेन. आधी भराभर, मग थांबत थांबत. पहिली बाई दुसरीला विचारते, झालं का गं लिहून, ठेव ते, ये. आणि तेवढ्यात पेन